शंभर टक्के, कायमचे

सारंगचा पाय मुरगळला तो रस्सीखेचीत, आणि तोही आपला संघ जिंकल्यावर, आनंदाने उडी मारून पडताना. जपानमधल्या ओजिमाच्या शाळेचा क्रीडादिन होता. आता तो मैदानाच्या कडेला चटईवर घोट्याला बर्फ लावून बसला होता आणि त्याची सहावीतली मुलगी सलोनी ओठ घट्ट मिटून त्याच्याकडे बघत होती. पुढची शर्यत तिची, घरच्या मोठ्या माणसाबरोबर पळायची. सहावीनंतर ही शाळा सुटणार, म्हणजे ही शेवटचीच संधी.

"मी गेलो कामातून," सारंग म्हणाला. "आणि तुझी आई आजच ओसाकाला."

सलोनीने आजोबांकडे पाहिलं. निवृत्त सुभेदार भानुदास जगदाळे घाईघाईने डब्यातल्या थालीपिठात लक्ष घालू लागले.

त्यांचा डावा पाय सरहद्दीवर भूसुरुंगात गेला होता, पार मांडीपासून. पायाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. उलट शाळेत जन्मभर पस्तिसावर अडकलेल्या माणसाला लष्कराच्या डॉक्टरांनी एका झटक्यात शंभर टक्के दिले होते, तेही कायमचे. 'संपूर्ण अपंग' हा शिक्का ते पदकासारखा मिरवत. संपूर्ण म्हणजे संपूर्ण, ही त्यांची समजूत. त्या दिवसापासून ते कधी नातवंडांशी लंगडीसुद्धा खेळले नव्हते. कुणी पाहिलं आणि दहा टक्के कापले तर?

"मला परवानगी नाही," ते म्हणाले. "सरकारनं लिहून दिलंय. इथं सगळे मोबाइल उभारून बसलेत. उद्या आमच्या पलटणीतल्या सुरेशनं बघितलं तर म्हणंल, सुभेदार पळतोय, मग कसले शंभर टक्के? खोटा ठरीन मी."

"आबा, कायमचं म्हणजे पुन्हा तपासणी नाही," सारंग म्हणाला. "पळा, नाचा, नाहीतर फुजीवर चढा. पाय काय उगवून येणार आहे?"

"आणि संपूर्ण लिहिलंय त्याचं काय?"

"ते पायाबद्दल आहे हो. तुमच्याबद्दल नाही."

इतक्या वर्षांत हे सुभेदारांना असं कुणी सांगितलं नव्हतं, आणि पोटच्या पोराने सांगावं याचा थोडा रागही आला.

"पडलो तर?" शेवटी ते हळूच म्हणाले. "हिच्या मैत्रिणी बघतायत." खरी भीती ही होती. शिक्क्याच्या आड ती आजवर सुखाने नांदली होती.

"बाबापण पडला," सलोनी म्हणाली. "आणि त्याला तर दोन आहेत."

सुभेदारांनी मिशीला लागलेला थालीपिठाचा कण झटकला, कुबडी मागितली आणि उठले.

रेघेवर जोड्या उभ्या होत्या. सेन्सेई, म्हणजे सलोनीच्या वर्गाच्या बाई, मऊ पट्ट्या घेऊन प्रत्येक जोडीचे आतल्या बाजूचे दोन पाय एकत्र बांधत येत होत्या. दोन माणसं, तीन पाय, असंच या शर्यतीचं जपानी नाव. सुभेदारांपाशी येऊन त्या गुडघ्यांवर बसल्या, पट्टी पुढे केली, आणि बांधायला काहीच सापडेना म्हणून तशाच थांबल्या. मग लालबुंद होऊन त्यांनी दोनदा वाकून माफी मागितली.

सलोनी आजोबांच्या डाव्या अंगाला सरकली, त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि बाईंना जपानीत काहीतरी म्हणाली. बाईंनी पट्टी खिशात घातली.

"काय सांगितलंस?" सुभेदारांनी विचारलं.

"बांधायला नको म्हटलं. आमचे तीनच आहेत."

सुभेदारांनी खाली बघून नीट मोजले. मग उजव्या हातातली कुबडी बाईंच्या हवाली केली आणि त्यांना खणखणीत मराठीत बजावलं, "ही धरा बाई. चार भरले तर आम्ही बाद."