खडीचा माल

लॉरीने दगड ओतले आणि नवसीचा हातोडा वरच्या वर थांबला. ढिगाच्या पायथ्याशी दगडात कोरलेला घोड्यावरचा वीर आडवा पडला होता. माथ्यावर चंद्र-सूर्य, हातात तलवार, आणि घोड्याला शेपूट नाही. शेपूट घडवताना पाथरवटाचा हात चुकला होता. त्यावरून आईने त्याच्याशी केवढं भांडण काढलं होतं.

"जिवल्या," तिने भावाला हाक मारली. "बा हाय."

जिवल्या येऊन उकिडवा बसला. तळहाताने दगडावरची माती पुसली. बाप मेल्यावर त्याच्या नावाचा हा वीर त्यांनी शेताच्या बांधावर उभा केला होता. मग समुद्राकडे विजेचा कारखाना निघाला, बोईसरहून तिकडे जाणारा रस्ता रुंद होऊ लागला आणि शेत रस्त्यात गेलं. वीर आणायला दोघं गेली, तेव्हा बांधच राहिला नव्हता.

"मुकादम, हा आमी घरी नेतो."

भगवंत मुकादम घाटावरचा. त्याने दगडाकडे पाहिलंही नाही. "खडीचा माल आहे. घरी न्यायचा नाही."

तेवढ्यात जीप थांबली. कंत्राटदाराचा तरुण साहेब उतरला आणि वीरासमोर खिळून उभा राहिला. "वा! काय काम आहे! भगवंत, हा फोडू नका. बंगल्यावर न्यायचा. कुंड्यांच्या मध्ये शोभून दिसेल."

"साहेब, तो आमचा बा हाय," नवसी म्हणाली.

साहेबाला वाटलं, ती देवाबद्दल बोलते आहे. तो हसला. "हो, हो. नीट सांभाळू आम्ही."

मुकादमाने जिवल्याला खूण केली. "उचल. जपून ठेव जीपमध्ये."

जिवल्या उठला. त्याने घण उचलला. "तुमीच बोलला ना, मुकादम? खडीचा माल हाय."

नवसीला कळलं. ती त्याचा हात धरू शकली असती. ती बाजूला सरकली.

पहिल्याच घावाला घोड्याचं तोंड उडालं. जिवल्या थांबला नाही. साहेब ओरडत राहिला, "वेडा आहेस का? केवढी जुनी वस्तू होती!"

"जुनी नाय, साहेब," जिवल्या धापा टाकत म्हणाला. "गेल्या शिमग्याला तर बसवला."

जीप गेली. मुकादम शिव्या देत राहिला. नवसीने तुकडे हाताने वेचून घमेल्यात भरले, घमेलं डोक्यावर चढवलं आणि बायकांच्या रांगेत चालू लागली. पुढे रोलर फिरत होता.