पहिल्याला माफी

"म्हणजे चोरालाच बक्षीस देणार का तुम्ही?" लोकसभेत एक खासदार ओरडत होते. इकडं कोल्हारात, गहिनीनाथच्या दूध डेअरीत, फॅट मोजायच्या मशीनला मोबाईल टेकवून तो आणि त्याचा व्याही बिभीषण ते ऐकत बसले होते.

एरवी संसदेशी त्यांचं काय देणंघेणं! पण त्यांच्याकडं दूध घालणाऱ्या रतनबाईच्या बचत गटानं दिल्लीच्या आयोगाकडं तक्रार धाडली होती. गावात डेअऱ्या दोन, एक गहिनीनाथची, एक बिभीषणची, आणि दुधाचा भाव बारा महिने दोन्हीकडं एकच. "सोनंसुदिक दोन दुकानांत येगळ्या भावानं मिळतं, मग दुधालाच काय झालं रं बाबांनो?" असं ती दोघांच्या तोंडावर विचारून गेली होती. बाई खोटं बोलत नव्हती. दर दहा दिवसांनी फोन व्हायचा. "तोच ना?" "तोच." संपला विषय. एकमेकाला विचारल्याशिवाय भाव वाढवायचा नाही, म्हणून सहा वर्षांपूर्वी दोघांनी खंडोबाच्या पायरीवर बेल-भंडार उचलला होता. पुढं गहिनीनाथची पूजा बिभीषणच्या घरात सून म्हणून गेली. आता तर शब्द मोडायची सोयच उरली नाही.

मंत्री उत्तराला उठले. संगनमत करून भाव पाडणाऱ्यांना दंड आता सगळ्या उलाढालीवर बसेल, म्हणाले. जो पहिला येऊन कबुली देतो त्याला माफी मिळते, ती मात्र तशीच राहील. "बक्षीस नाही हे. चोरांचा एकमेकांवरचा विश्वास उडाला की टोळी आपोआप मोडते." सभागृहात बाकं वाजली.

डेअरीत गहिनीनाथनं मोबाईल बंद केला. बिभीषणनं अर्धा चहा तसाच ठेवला.

"निघतो पाव्हणं. जरा काम हाय."

अर्धा चहा टाकणारा माणूस नव्हता तो. गहिनीनाथ त्या कपाकडं बघत राहिला. नावच बिभीषण! शाळेत पोरं त्याला घरभेदी म्हणून चिडवायची आणि त्याच्या वतीनं गहिनीनाथ मारामाऱ्या करायचा. आता तोच शब्द गहिनीनाथच्या डोक्यातून हलेना.

तिसऱ्या दिवशी तो दुधाचे कॅन आणायला नगरला गेला. सावेडीत एका वकिलाच्या पाटीखाली बिभीषणची जीप उभी होती. गहिनीनाथ हाक मारणार, तेवढ्यात बिभीषण जिन्यावरून उतरला. काखेत फाईल होती. तो इकडं तिकडं बघत घाईनं जीपमध्ये बसला. गहिनीनाथ रसाच्या गाड्याआड सरकला. 

त्याच्या ओळखीचे नृसिंह वकील दोन गल्ल्या पलीकडं बसत. गहिनीनाथ त्यांच्याकडं धापा टाकत पोचला आणि सगळं ओकला.

वकिलांनी चष्मा काढून पुसला. "त्या घरात लेक दिलीय ना तुम्ही?"

"दिलीय हो! पन तो आधी पोचला तर मी बुडालो. बापच बुडाला तर लेकीला म्हायेर कुठलं?"

"आपण फक्त त्यांच्या डेअरीचं नाव देतो. दंड तिचा जो मालक असेल त्याच्यावर बसतो. एकदा कळवलं की मागं घेता येत नाही. पुन्हा विचार करा."

"इचार करत बसलो तर माझा नंबर जाईल. बसू द्या मालकावर."

सहा वर्षांच्या भावाच्या पावत्या त्याच्या डेअरीत होत्याच, फोनची यादी मोबाईलमध्ये होती. त्यानं मोबाईल पुढं केला. वकिलांनी दिल्लीच्या आयोगाला कळवलं. तासाभरानं उत्तर आलं. ते वाचून वकील म्हणाले, "तुमच्या आधी कुणीच आलेलं नाही. पहिले तुम्हीच."

सुटलो, असं गहिनीनाथला वाटलं. लगेच लाजही वाटली. आणि परतीच्या वाटेवर, राहुरी मागं पडल्यावर, एक साधी गोष्ट त्याला टोचायला लागली. पहिला आपण, तर मग बिभीषण त्या वकिलाकडं कशाला गेला होता?

डेअरीवर संध्याकाळच्या दुधाची रांग लागली होती. रतनबाई किटली घेऊन उभी होती. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. आत खुर्चीवर बिभीषण बसला होता, शेजारी पेढ्यांचा पुडा घेऊन पूजा. गहिनीनाथचे पाय दारातच थांबले.

"आप्पा, आधी तोंड गोड करा," पूजानं त्याच्या हातावर पेढा ठेवला. "मामांनी आज डेअरी माझ्या नावावर केली. मालकीण झाले मी!"

"डेअरी? तुझ्या नावावर?" तो बिभीषणकडं वळला. "आन हे कशापायी, पाव्हणं?"

बिभीषण ओशाळून हसला. समोरचा कप त्यानं आज पार रिकामा केला होता.

"खोटं कशाला बोलू? ती चर्चा ऐकल्यापासून मला तुमचाच संशय यायला लागला हुता. दोन दिवस भाकर गोड लागली न्हाई. मग म्हनलं, डेअरी पूजाच्या नावावर केली की मिटलं. बाप काय आपल्या लेकीचं नाव सांगनार न्हाई."