सरडीचा हात

भाची शर्वाणीच्या पत्राला वामनरावांनी चार महिने उत्तर दिलं नव्हतं. "मामा, माझी दाढीवाल्या जातीची सरडी तुमच्या सरड्यासोबत एकाच काचपेटीत सुखी आहे ना? नसेल तर न्यायला येते." सुखी आहे, असं खात्रीनं कसं लिहावं?

सरडी मात्र रोज त्यांना बघून हात हलवायची. तेही हलवायचे.

आज शेजारच्या कुंदाताईंनी प्राण्यांचे हावभाव वाचणारा नवा चष्मा आणून दिला. "माणसांचं कळत नाही तुम्हाला, सरड्यांचं तरी कळू दे."

पेटीतल्या उबेच्या दिव्याखाली सरडा तिच्या पाठीवर चढला. चष्म्यात अक्षरं उमटली: 'ऊब माझी.' तिनं हात हलवला: 'मी लहान आहे, मारू नकोस.'

वामनरावांनी तिला दुसऱ्या पेटीत ठेवलं. त्यांच्याकडे बघून तिनं पुन्हा हात हलवला. अक्षरं तीच होती.

"ती सुखी नव्हती. लवकर ये," एवढंच लिहून त्यांनी पत्र टपालात टाकलं.