ठिपके उठेनात

रविंद्रदादाचे डोळे लहानपणी गेले, पुढे कानही गेले. तरी तो बोरीतल्या घरी बसून लिनक्सवर प्रोग्रॅम लिहितो, त्यावरच त्याचं पोट आहे. स्क्रीनवरची ओळ एका ब्रेल यंत्रावर ठिपक्यांनी उठते आणि दादा ती बोटांनी वाचतो. गेल्या महिन्यात त्याचा जुना कॉम्प्युटर जळला. नवा आणला, त्यावर नवं लिनक्स टाकलं, पण ठिपके उठेनात.

“प्रज्ञे, वायर नीट खोच की! कसली गं तू एमएस्सी?” दादा ओरडला.

मी वायर बदलली, पोर्ट तपासला, शेवटी लिनक्सचा कोड उघडला. हे यंत्र चालवणारा भागच नव्या आवृत्तीतून काढून टाकला होता. लिनक्सचा तो भाग सांभाळणाऱ्यांना मी मेल केला. उत्तर आलं, “कित्येक वर्षांत या यंत्राबद्दल एकही तक्रार आली नाही. वापरणारं कुणी उरलं नसावं, म्हणून काढलं. जुना कोड आता नव्यात चालणार नाही.”

मी ते दादाच्या तळहातावर बोटाने एकेक अक्षर करून लिहिलं.



“अगं, कधी बिघडलंच न्हाई,” तो म्हणाला, “मग तक्रार कशाची करायची?”