आरतीताईची फेक

तुरीच्या शेंगा सोलता सोलता आरतीनं विचारलं, "शंभरापैकी किती टाकले रे मले?"

"फेकीत अठ्ठ्याण्णव," लॅपटॉपवरची मान न उचलता किशोर म्हणाला. "बॅटिंगमंधी कमीच टाकले. तिथं खोटं काहून बोलू?"

किशोर तिचा धाकटा भाऊ. एका साखरपुड्यासाठी सकाळीच तिवशाहून अकोल्याला आला होता आणि जठारपेठेत तिच्या घरी थांबला होता. साखरपुडा संध्याकाळी, तोवर सगळा जीव त्या ऑनलाइन बेसबॉलमध्ये. अमरावतीच्या कॉलेजात त्याच्यासोबत खरा बेसबॉल खेळलेली मंडळी आता पन्नाशीला टेकली होती. मैदानात पळणं झेपत नव्हतं, म्हणून कॉम्प्युटरवर पळत होती. प्रत्येक खेळाडूची फेक, पळणं, बॅटिंग यांचे गुण भरायचे, पुढची मॅच कॉम्प्युटर आपला आपण खेळतो. यंदा चार टीमच्या सहा झाल्या आणि खेळाडू कमी पडायला लागले. मग ठरलं, आपल्या काळातली जुनी माणसं आत घ्यायची. अट एवढीच की माणूस निदान एक मॅच खरोखर खेळलेला हवा, आणि घरच्यांशिवाय आणखी कुणीतरी ती पाहिलेली हवी. ही अट नसती तर एकेकानं आपापले जावई घुसवले असते.

व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर पुण्याहून शेखर उगवला. लीगचा कारभार त्याच्या हातात होता, आणि हाती कारभार आला की माणूस जसा होतो तसा तो झाला होता.

"किशोर, हे अठ्ठ्याण्णव फेकवालं कोन व्हय?"

"माही ताई."

बाकीच्यांच्या चौकटींत हशा पिकला.

"अबे, माहा सोताचा आकडा नव्वद हाय," शेखर म्हणाला. "कोन्या कॉलेजकून खेयली ताई?"

"बारावीनंतर कुठचं कॉलेज तिले? आमच्या वावरात खेयली. तुमी समदे हुरडा खायले आले होते, मुंग काढून खाली झालेल्या वावरात मॅच लावली, अन् एक गडी कमी पडला. तवा ताई माळ्यावून खाली उतरली. आठव न."

आरतीचे हात थांबले. तेव्हा ज्वारीवरची पाखरं हाकायला ती गोफण घेऊन शेतातल्या मचाणासारख्या माळ्यावर बसायची. म्हणेल त्या ठिकाणी दगड टाकायची. किशोरला फेकायला तिनंच शिकवलं, आणि टीममध्ये गेला तो. त्याचा आपल्याला कधी राग आला नाही, असं ती सगळ्यांना सांगायची. आला होता, चांगलाच आला होता.

"हुरडा आठोते," शेखर म्हणाला. "मॅच काई आठवत नाई. अन् भावाच्या सांगण्यावून घेता येत नाई, नियम म्हंजे नियम. दुसऱ्या कोनाले आठोते काय?"

एकानं उगाच पाणी प्यायला ग्लास उचलला.

"काढून टाक रे माहं नाव," आरती हसत म्हणाली. "मले कुठं खेयाचं हाय आता!"

पण हसणं तिला नीट जमलं नाही. तिला त्या खेळात राहायचं होतं, फार राहायचं होतं. या वयात असल्या गोष्टीसाठी हटून बसायचं कसं, एवढाच काय तो संकोच. किशोरनं बहिणीकडे पाहिलं आणि नाइलाजानं तिचं नाव पुसायला घेतलं.

"थांब बे," आवाज आला.

बोलला तो धम्मदीप. टीमचा कॅचर, म्हणजे पळणारा होमवर पोचायच्या आत फेक झेलून त्याला आउट करणारा; आता बडनेऱ्याला राहतो. त्याची चौकट मघापासून काळीच होती, कारण तो जेवता जेवता ऐकत होता. आता कॅमेरा सुरू झाला, त्याचा चेहरा दिसला आणि मग चेहऱ्यापुढे उजव्या हाताची करंगळी. मधल्या पेरापासून बाहेर वळलेली.

"हे पाहा. समद्याइले वाटते हे शेखरच्या बॉलनं मोडली. शेखरबी तसंच सांगत फिरते. पन मोडली होती आदल्या दिवशीच, हुरड्याच्या मॅचमंधी. म्या हात खिशात घातला अन् गप बसलो. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसमंधी शेखरचा बॉल लागला, तवा बोंबललो. पोरीच्या फेकीनं बोट मोडलं हे कोन सांगीन? वावराच्या पार त्या टोकावून आली थे फेक. टप्पाबी नाई खाल्ला."

शेखर चष्मा काढून पुसायला लागला.

आरती उठून लॅपटॉपपुढे आली. मांडीवरची टरफलं सगळीकडे सांडली. आता ही बोटासाठी हळहळणार, असं किशोरला वाटलं.

"भाऊ," ती म्हणाली, "थो पयनारा आउट झाला होता काय? मले दिसलंच नाई. बॉल हातून सुटला अन् ज्वारीत राघूचा थवा उतरला. बाबानं हाक मारली, मी पयतच माळ्यावर गेली. मंग तुमी निंगून गेले. हा किशोर घरी आल्यावर नुसता हुरड्याच्याच गोष्टी करे. लाजेनं इचारलंबी नाई मंग."

किशोरला आठवेना. तो त्या दिवशी कुठं उभा होता, हेही आठवेना.

"ज्याले आउट केलं त्यालेच इचार, ताई," धम्मदीप म्हणाला. "होम म्हनून पोतं टाकलं होतं आपन. थ्या पोत्याकडेच पयत येऊन राह्यला होता थो."

शेखरनं चष्मा डोळ्यांवर चढवला. पडद्यावर तो कुणाकडे बघत होता ते कळत नव्हतं, पण बघत आरतीकडेच होता.

"आउट होतो, ताई," तो म्हणाला. "पोतं अजून लय दूर होतं."