पहिला घोट

बेटावरच्या खानावळीत सुरमईवर ताव मारून झाल्यावर मुकुंदरावांनी सोलकढीचा पेला उचलला आणि सवयीनं पहिला घोट पडवीखालच्या वाळूत सांडला.

"अहो, इथंही?" बायको करवादली. "किती वेळा सांगितलं, लोक हसतात!"

खानावळवाली मावशी मात्र हसली नाही. वाढता वाढता थबकली. "ह्या तुमका कोणी शिकवला?"

"आईनं. ती ताकाचाही पहिला घोट खिडकीबाहेर सांडायची."

"पयलो घोट दर्याक. ह्या बेटार सगळे तसाच करतत. आवस खंयची तुमची?"

"आई सोलापूरची," मुकुंदराव ठामपणे म्हणाले.

"सोलापुरात दर्या खंय आसा?"

मुकुंदराव गोंधळले. माहेरचं विचारलं की आई विषय बदलायची. ती खिडकी पश्चिमेची होती, हे त्यांना आत्ता कुठं आठवलं. विचारायला आता आईही नव्हती.

"नाव काय तिचा?"

"इंदुमती."

"ता सासरचा असात. म्हायारचा?"

मुकुंदरावांनी बायकोकडे पाहिलं, मग समुद्राकडे. धक्क्यावरून होडीवाला हाका मारत होता.

बायकोनं स्वतःचा पेला उचलला आणि पहिला घोट वाळूत सांडला.