जास्तीची चाकं

गुहागरच्या वाळूत रुतलेली बसएवढी घरगाडी कशानेच हलेना. शेवटी भाच्याने एक बटण दाबलं. सगळ्यात मागची दोन चाकं हवेत उचलली गेली, त्यांचा भार इंजिनाने फिरणाऱ्या मधल्या चाकांवर आला आणि गाडी सुटली.

“बघ,” मेथी निवडत बसलेली आत्या म्हणाली, “जास्तीचं उचललं की गाडी चालते. मलाही चिपळूणच्या स्टँडवर उतरव.” सकाळी फोडणीत हिंग किती घालायचा यावरून तिचं भाच्याच्या बायकोशी, म्हणजे सूनबाईशी, वाजलं होतं. नवराबायकोच्या सहलीत आपण नकोत, हे तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

डांबरी रस्ता लागल्यावर सूनबाईने नवऱ्याला विचारलं, “ती चाकं अशीच लोंबकळत ठेवायची?”

“छे! खाली असली की वळणावर घासतात, टायर खातात, गाडी ओढत तर नाहीतच. पण पुढे कुंभार्ली घाट आहे. ती वर राहिली तर सगळा बोजा मधल्या चाकांवर येतो आणि गाडी मागून डोलते.”

“मग टेकव ना. आणि आत्या, संध्याकाळची फोडणी तुम्हीच करा. माझा हिंग जळतो.”

चाकं रस्त्याला टेकली.

चिपळूणचा स्टँड आला आणि गेला. भाच्याने ब्रेकला पाय लावला नाही. आत्याने खिडकीतून स्टँड नीट बघून घेतला, मेथीची दुसरी जुडी सोडली आणि म्हणाली, “चिपळूण आलं की सांग हं.”